देवाचे धन आणि विश्वस्तांचे उत्तरदायित्व

सातपुड्याच्या दक्षिण अंगास, सौंसर तालुक्यातील जामसांवली येथे पिंपळाच्या छायेत पहुडलेल्या श्रीहनुमंताचे स्थान आहे. नागपूर व छिंदवाडा या दोन्ही बाजूंनी भाविकांचा ओघ येथे सतत येत असतो. भाविकाने देवापुढे ठेवलेले द्रव्य अथवा अर्पण केलेली जमीन नेमकी कोणाची, हा प्रश्न अशा प्रत्येक देवस्थानापुढे उभा राहतो.

त्याचे उत्तर न्यायालयांनी दिलेले आहे. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती होय, असा निर्णय दिला. मालक देव; बाकीचे सारे त्याच्या वतीने कारभार पाहणारे. व्यापारी कंपनीलाही १८९७ च्या इंग्लंडमधील सॅलोमन खटल्यापासून निःसंदिग्धपणे अशीच स्वतंत्र व्यक्ती मानले जाते. तिचे संचालकही मालक नव्हेत.

नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी असताना, १९५१ साली, तेथील विधिमंडळाने सार्वजनिक न्यासांचा कायदा केला. जिल्हाधिकारी हे निबंधक झाले. न्यासाची नोंदणी, हिशेब व त्यांची तपासणी आवश्यक ठरली. निबंधकाच्या पूर्वमंजुरीवाचून न्यासाची स्थावर मालमत्ता विकता, गहाण टाकता वा दान देता येत नाही. शेतजमीन ७ वर्षांहून आणि बिनशेती जमीन वा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देता येत नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. एकाच भाषेची, एकाच वहिवाटीची देवस्थाने दोन राज्यांत विभागली गेली. पुढे विदर्भास १९५० चा मुंबईचा कायदा लागू झाला. तिकडे मंजुरी धर्मादाय आयुक्तांची व शेतजमिनीच्या पट्ट्याची मर्यादा १० वर्षांची. तत्त्व मात्र तेच राहिले.

ते तत्त्व या संत्र्याच्या मुलखात वेगळे समजावून सांगावयास नको. बागेचा राखणदार बहार उतरवील, झाड तोडणार नाही. आजच्या विश्वस्तांनी उद्याच्या विश्वस्तांचे हात बांधू नयेत, याचसाठी पट्ट्याला मुदत आहे. उद्योगजगतानेही हेच सूत्र पुढे स्वीकारले. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १६६ व्या कलमाने भागधारकांबरोबरच कामगार, समाज व पर्यावरण यांचे हित पाहणे हे संचालकांचे कर्तव्य ठरविले.

२०२३ साली जामसांवली येथे हनुमान लोकाचे भूमिपूजन झाले. त्याच वर्षी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. क्षेत्राचा विस्तार होतो तेव्हा भोवतालच्या जमिनीचे मोल वाढते आणि मोहही वाढतो. अशा वेळी देवस्थानाचे रक्षण त्याची हिशेबवही करते. महाजन घराण्यांना वाडवडिलांकडून लाभते ती सेवा होय, मालकी नव्हे. ती सेवा निष्कलंक स्वरूपात पुढील पिढीच्या हाती सोपविणे, यातच तिचे सार्थक आहे.