परीक्षा १८९२, पदवी १९२२

नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. गुणांवर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती, पण स्त्री म्हणून ती नाकारली गेली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या. १८९२ साली विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना 'बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ'च्या परीक्षेला बसू दिले. त्या उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केले ते १९२० मध्ये.

मायदेशी परतून त्यांनी मुंबईची एलएल.बी. आणि अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. तरीही सनद नाही! पदवी हाती आली १९२२ साली, आणि भारतात स्त्रियांना वकालतीचा हक्क देणारा कायदा झाला १९२३ मध्ये. त्यानंतरच त्या कलकत्त्यात रीतसर वकील म्हणून उभ्या राहिल्या. तेव्हा त्यांनी पंचावन्नी ओलांडली होती.

एवढा हट्ट कशासाठी? उत्तर पर्दानशीन बायांच्या हवेल्यांत सापडते. या बायांच्या नावावर जमिनी असत, पण वकील पुरुष आणि बाई पडद्याआड. मध्ये कारभारी नाहीतर नातेवाईक. कागदावर काय लिहिले आहे हे न कळताच अंगठा उमटे. १९०४ पासून कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या नोकरीत सोराबजींनी अशा शेकडो हिंदू-मुस्लीम स्त्रियांची गाऱ्हाणी त्यांच्यासमोर बसून ऐकली. त्या ब्रिटिश राज्याच्या कट्टर समर्थक होत्या. ते आम्हाला पटत नाही. म्हणून हे काम लहान होत नाही.

कायद्यालाही हा प्रश्न ठाऊक होता. शम्सुन्निसा बेगम यांनी आपले सरकारी रोखे परत मिळावेत म्हणून थेट नवऱ्यावर दावा लावला होता. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो मान्य केला. मुस्लीम पत्नीची मिळकत तिची स्वतःची असते, आणि पर्दानशीन स्त्रीकडून काही घेतले तर व्यवहार सचोटीचा होता हे घेणाऱ्याने सिद्ध करायचे, हे त्यातून ठळक झाले.

आता पडद्याचे ते दिवस राहिले नाहीत, पण अंगठ्याच्या जागी सही आली एवढेच. शरियतने मुलीला वारसाहक्कात हिस्सा दिला आहे, हे आपल्या मोहल्ल्यात सर्वांना माहीत असते. तरी बाप गेल्यावर बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. भावाचे मन राखायचे म्हणून ती न वाचताच सही करते. समजून सोडलेला हक्क वेगळा आणि न वाचता गेलेला वेगळा.

आम्ही उर्दू शाळेत शिकवणारे. आमच्या मुलींना वाटते, वकालत इंग्रजीवाल्यांची. आम्ही त्यांना फळ्यावर शब्द लिहून दाखवतो : वकील, दावा, अर्ज, वारस, हुकूमनामा. दिवाणी न्यायालयाची ही मराठी त्यांच्या घरातलीच आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा, पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांना खुला आहे. घरच्यांनी 'लग्नानंतर बघू' म्हणून तो लांबवू नये. सोराबजींना तीस वर्षे कायद्याने थांबवले होते. आमच्या मुलींना थांबवणारा असा कोणताही कायदा आज नाही.