रंग आणि प्राप्तिस्थान : कॅलिफोर्नियातील किंगस्नेकच्या ओळखीचा इतिहास

उत्तर अमेरिकेतील ‘किंगस्नेक’ हा बिनविषारी सर्प इतर सर्पांना, विषारी रॅटलस्नेकलासुद्धा, भक्ष्य करतो; त्यावरूनच त्यास ‘राजा’ ही पदवी प्राप्त झाली. भारतातील नागराजाशी त्याचा निकटचा संबंध नाही. अंगावरील पट्ट्यांच्या वैचित्र्यामुळे तो हौशी सर्पपालकांस विशेष प्रिय आहे, आणि अमुक रंगाचा सर्प अमुक प्रदेशाचा असे सांगण्याची प्रथा त्यांच्यात रूढ आहे. ही ओळख कितपत प्रमाण मानावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौसेचा वाटेल. तथापि शास्त्रज्ञांनाही याच प्रश्नाने दीर्घकाळ चकविले होते.

लिनीअसने १७६६ मध्ये कॅरोलिनातील साखळीसारख्या नक्षीच्या सर्पास ‘गेटुलस’ हे नाव दिले. पश्चिम किनाऱ्यावरील सर्पाचे वर्णन त्यानंतर बऱ्याच काळाने झाले. पॉल-एमिल बोटा या फ्रेंच प्रवाशाने (पुढे खोर्साबादच्या उत्खननामुळे विख्यात झालेला बोटा तो हाच) कॅलिफोर्नियातून आणलेल्या नमुन्यांवरून ब्लँव्हिलने १८३५ मध्ये ‘कॅलिफोर्नी’ ही जाती प्रस्थापित केली. या सर्पाच्या पाठीवरून लांबवर एक फिकट रेषा गेलेली होती. पुढे १८५३ मध्ये बेअर्ड व जिरार्ड यांनी अंगाभोवती आडवे पट्टे असलेल्या सर्पास ‘बॉयली’ असे वेगळे नाव दिले. एक रेषांकित, दुसरा वलयांकित; तेव्हा दोन नावे देणे स्वाभाविकच होते. ब्लँचर्डने १९२१ मध्ये या प्रजातीचा साक्षेपी आढावा घेतला, त्यातही ही दोन नावे स्वतंत्रच राहिली.

परंतु या विभागणीत एक अडचण दडलेली होती. भौगोलिक उपजाती म्हटली की तिचा स्वतःचा प्रदेश असावा लागतो. एकीची सीमा जेथे संपते तेथे दुसरीची सुरू होते. रेषांकित सर्प मात्र मुख्यत्वे सॅन डिएगोच्या परिसरात सापडत आणि त्याच परिसरात वलयांकित सर्पही नांदत. या कोड्याचा उलगडा व्यवसायाने विद्युत्-अभियंता असलेल्या लॉरेन्स क्लाउबरने केला. एकाच मादीच्या अंड्यांतून रेषांकित व वलयांकित अशी दोन्ही प्रकारची पिल्ले निघतात, हे त्याने १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांना दोन मानले ती एकाच सर्पाची दोन रूपे ठरली. नामकरणाच्या अग्रक्रमाच्या नियमानुसार १८३५ चे नाव टिकले. परिणामी बहुसंख्य वलयांकित सर्प आज अल्पसंख्य रेषांकित रूपाच्या नावाने ओळखले जातात.

याचा अर्थ रंगाचा प्रदेशाशी काहीच संबंध नाही, असा मात्र नव्हे. वाळवंटी भागात काळा व पांढरा, तर किनाऱ्याकडे तपकिरी व फिकट पिवळा रंग अधिक आढळतो. पण हा नियम समुदायाचा आहे, एकेका प्राण्याचा नाही. प्राप्तिस्थान ज्ञात असेल तर रंगाचा अंदाज बांधता येतो. केवळ रंगावरून प्राप्तिस्थानाचा निर्णय देता येत नाही. बंदिस्त पैदाशीत तर निरनिराळ्या ठिकाणचे सर्प एकत्र आणले जातात आणि मनपसंत रंगांची निवड पिढ्यान्‌पिढ्या चालते. तेथे प्रदेशाचे नाव हे पुष्कळदा केवळ नक्षीचे नाव होऊन बसते.

या घोळाचे परिणाम हौसेपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. कॅनरी द्वीपसमूहातील ग्रान कनारिया बेटावर पाळीव सर्पांपासून उत्पन्न झालेले कॅलिफोर्नियन किंगस्नेक १९९८ पासून रानात आढळू लागले. त्यांत रेषांकित सर्प आहेत, तसेच रंगहीन धवल सर्पही आहेत. त्यांची कांती त्या बेटाच्या हवामानाची साक्ष देत नाही. ती पाळणाऱ्यांच्या आवडीची साक्ष देते. जेथे हे सर्प स्थिरावले, तेथे बेटावरील स्थानिक महासरड्याची संख्या अत्यंत घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. युरोपीय संघाने २०२२ मध्ये या सर्पाचा समावेश आक्रमक परकीय जातींच्या सूचीत केला.

पायरन व बर्ब्रिंक यांनी २००९ मध्ये आनुवंशिक पुराव्याच्या आधारे ‘गेटुला’ समूहाचे पाच स्वतंत्र जातींत विभाजन सुचविले, आणि कॅलिफोर्नियाच्या सर्पास पुन्हा जातीचा दर्जा मिळाला. रंगाची जागा आता रेणूंनी घेतली असे यावरून वाटेल. परंतु तो पुरावाही नमुना कोठून आला हे ठाऊक असेल तरच बोलका होतो. ब्लँव्हिलपुढे रेषांकित सर्प होता. क्लाउबरपुढे सर्प, त्याचे स्थान आणि त्याची संतती ही तिन्ही होती. ऐंशीहून अधिक वर्षे टिकलेला गैरसमज दूर झाला तो अधिक तीक्ष्ण दृष्टीमुळे नव्हे, तर अधिक पूर्ण नोंदीमुळे. संग्रहालयातील बाटलीत सर्पाचा रंग कालांतराने फिका पडतो. तिच्यावरील चिठ्ठी हरवली, तर मात्र नमुन्याचा इतिहासच नष्ट होतो.