ताजमहाल हॉटेलचे ‘भूत’ : आख्यायिका आणि इतिहास

मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल पॅलेस हॉटेलचे नाव देशातील ‘झपाटलेल्या’ वास्तूंच्या याद्यांमध्ये हमखास आढळते. आख्यायिका अशी, की डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज स्थापत्यकाराने हॉटेलचा आराखडा तयार केला आणि काम मजुरांवर सोपवून तो मायदेशी गेला. परत येऊन पाहतो तो इमारत उलटी बांधलेली. दर्शनी भाग समुद्राकडे असावयाचा, तो शहराकडे झालेला. निराश होऊन त्याने वरच्या मजल्यावरून उडी घेतली. तेव्हापासून त्याचा आत्मा जुन्या इमारतीच्या मार्गिकांमध्ये आणि छतावर फिरतो, परंतु कोणास इजा करीत नाही, असे सांगितले जाते.

ही कथा शतकभर जुन्या वास्तूस शोभणारी असली, तरी हॉटेलच्या बांधकामाचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. जमशेटजी टाटा यांनी उभारलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. त्याचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या भारतीय स्थापत्यकारांचा होता. चेंबर्स यांच्याकडे प्रकल्प नंतर आला आणि त्यांनी तो पूर्णत्वास नेला. बांधकामाचे कंत्राट सोराबजी रतनजी यांच्याकडे होते. आधाराविना तरंगत असल्याचा भास देणारा हॉटेलचा मध्यवर्ती जिनाही त्यांचीच कल्पना मानली जाते. काम पूर्ण करून घेणाऱ्यालाच ते उलटे झाल्याचे शेवटी उमगावे, ही गोष्ट संभवत नाही. चेंबर्स यांच्या कथित आत्महत्येस आधार देणारा विश्वासार्ह पुरावाही इतिहासकारांना मिळालेला नाही.

इमारत ‘उलटी’ असल्याचा समजही तपासण्याजोगा आहे. हॉटेलचे मूळ प्रवेशद्वार खरोखरच समुद्राच्या विरुद्ध बाजूस, शहराकडे होते. मात्र ती चूक नसून योजना होती. शहरातून घोडागाड्यांनी येणाऱ्या पाहुण्यांना ती बाजू सोयीची होती आणि बंदराचे दृश्य खोल्यांच्या वाट्यास येत होते. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या रचनेमुळे पश्चिमेचा वारा दोन्ही बाजूंच्या दालनांत खेळता राहावा, असाही हेतू सांगितला जातो. पुढे प्रवेशद्वार बंदराच्या बाजूस आले आणि जुन्या प्रवेशाच्या प्रांगणात आज जलतरण तलाव आहे.

गैरसमजाचे मूळ बहुधा याच बदलात आहे. आज बहुतेक पर्यटक गेट वे ऑफ इंडियापाशी उभे राहून ताजकडे पाहतात, त्यामुळे बंदराकडील बाजू हीच ‘पुढची’ वाटते. प्रत्यक्षात हॉटेल सुरू झाले तेव्हा गेट वे अस्तित्वातच नव्हते. त्याची पायाभरणी १९१३ मध्ये झाली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी. ज्या जागेवरून इमारत उलटी भासते, ती जागाच हॉटेलनंतर आकारास आली.

हीच कथा स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातही ऐकावयास मिळते. तेथील केल्विनग्रोव्ह कलादालन १९०१ मध्ये खुले झाले. ते उलट्या दिशेने बांधले गेल्याचे कळताच स्थापत्यकाराने मनोऱ्यावरून उडी घेतली, असे तेथे सांगतात. प्रत्यक्षात त्याच्या दोन स्थापत्यकारांपैकी जॉन सिम्पसन यांनी नंतर लंडनच्या वेम्बली स्टेडियमच्या रचनेत भाग घेतला आणि त्यांचे निधन १९३३ मध्ये झाले. दूरच्या दोन शहरांत, एकाच काळातील वास्तूंविषयी एकच कथा आढळणे हे तिच्या दंतकथा असण्याचेच लक्षण आहे.

सर्वच हॉटेलांच्या भूतकथा इतक्या निराधार नसतात. राजस्थानातील कोटा येथील ब्रिजराज भवन या पूर्वीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीत १८५७ च्या उठावात मेजर चार्ल्स बर्टन आणि त्यांचे दोन मुलगे मारले गेले. पहाऱ्यावर डुलक्या घेणाऱ्यास बर्टन यांचे भूत चापट मारते, असे तेथे म्हणतात. मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलात १९११ मध्ये फ्रान्सेस गार्नेट-ऑर्म या महिलेचा विषबाधेने मृत्यू झाला आणि तिचे भूत तेथे वावरते, अशी कथा रूढ झाली. या दोन्ही ठिकाणी भुताचा पुरावा नसला, तरी मृत्यू ऐतिहासिक आहेत. ताजच्या कथेत मृत्यूच काल्पनिक आहे.

ताजने खरे दुःखही पाहिले आहे. पहिल्या महायुद्धात तेथे ६०० खाटांचे लष्करी रुग्णालय होते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या दहशतवादी हल्ल्यात या हॉटेलात ३१ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत पाहुण्यांबरोबर कर्मचारीही होते. दुरुस्तीनंतर जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली आणि मृतांचे स्मारक तेथे उभारण्यात आले.

भूतकथा मनोरंजक असतात आणि पर्यटकांना त्या भावतात. मात्र या कथेने संपूर्ण रचनेचे श्रेय एका इंग्रजास आणि कथित चुकीचे खापर येथील मजुरांवर दिले. रावसाहेब वैद्य हे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे सहकारी. आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उभारतानाही त्यांनी सहायक अभियंता म्हणून काम केले होते. मुंबईची ओळख ठरलेल्या दोन वास्तूंशी त्यांचे नाव जोडलेले असूनही ते फार थोड्यांना ठाऊक आहे. चेंबर्स यांचे भूत मात्र सर्वांना परिचित आहे.