आघातग्रस्त रुग्णाची प्राथमिक तपासणी

आघातग्रस्त रुग्णाची प्राथमिक तपासणी म्हणजे अपघातात गंभीर जखमी झालेल्या व्यक्तीची पहिल्या काही मिनिटांत ठरावीक क्रमाने केली जाणारी वैद्यकीय तपासणी होय. श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूचे कार्य आणि शेवटी संपूर्ण शरीर असा हा क्रम असून, इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘एबीसीडीई’ म्हणून ओळखला जातो. प्राणघातक दोष आढळताच, निदान पूर्ण होण्याची वाट न पाहता, त्यावर उपचार केले जातात.

इतिहास

फेब्रुवारी १९७६ मध्ये अस्थिशल्यचिकित्सक जेम्स स्टायनर यांचे विमान अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात कोसळले. त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला. ते स्वतः व त्यांची मुले जखमी झाली. ग्रामीण रुग्णालयात मिळालेले उपचार अपुरे वाटल्याने त्यांनी सहकाऱ्यांसह डॉक्टरांसाठी अभ्यासक्रम आखला. १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. ‘एटीएलएस’ या नावाने तो आज भारतासह अनेक देशांत शिकवला जातो.

छातीची इजा

टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये फुफ्फुसातून निसटलेली हवा छातीत कोंडते, फुफ्फुस आकसते आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडते. तीव्र धाप, एका बाजूचा श्वासध्वनी नाहीसा होणे आणि घसरता रक्तदाब यांवरून ते ओळखतात. श्वासनलिका विरुद्ध बाजूला सरकणे हे पाठ्यपुस्तकांतील प्रसिद्ध लक्षण बहुधा उशिरा दिसते. रुग्ण खालावत असताना एक्स-रेसाठी थांबणे जिवावर बेतू शकते. म्हणून सुईने हवेला वाट करून देऊन नंतर छातीत नळी बसवतात. २०१८ च्या आवृत्तीपासून प्रौढांमध्ये सुईसाठी चौथ्या किंवा पाचव्या बरगडीखालची, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढची जागा सुचवली जाते.

डोक्याची इजा

शुद्धीची पातळी ग्लासगो कोमा स्केलने मोजतात. ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी ती १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण मिळतात. शून्य गुण कोणालाच नसतात. ८ किंवा त्याहून कमी गुण गंभीर इजा दर्शवतात आणि अशा रुग्णाच्या श्वासनलिकेत सहसा नळी घालावी लागते. बाहुल्यांचा आकार व प्रकाशाला प्रतिसादही पाहतात.

डोक्याची जखम कितीही ठळक असली तरी तिचा क्रम छातीनंतर येतो. प्राणवायूची कमतरता आणि कमी रक्तदाब यांमुळे जखमी मेंदूची आणखी हानी होते. स्थिर नसलेल्या रुग्णाला आधी सीटी स्कॅनला नेल्यास हीच हानी वाढते. प्रौढात रक्तदाब घसरल्यास त्याचे कारण डोक्यात न मानता छाती, पोट, ओटीपोट किंवा मांडीतील रक्तस्राव शोधतात. मद्याचा वास येणाऱ्या रुग्णाची ग्लानी नशेचीच आहे, असेही गृहीत धरले जात नाही.

गुणांकन वारंवार करतात. कवटी व मेंदूचे बाह्यावरण यांच्यामध्ये रक्त साचल्यास रुग्ण काही काळ नीट बोलतो आणि नंतर झपाट्याने बेशुद्ध होऊ शकतो.