मानमोडीचा ताप आणि घरची बाई



मानमोडी हे नाव आज फार जणींना ठाऊक नसेल. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली, तिला मराठी मुलखात मानमोडी म्हणत. त्या साथीत भारतात एक कोटीहून जास्त माणसे गेली.

तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने पडले. तिथून रेल्वेने आणि घरी परतणाऱ्या मजुरांबरोबर ताप देशभर गेला. पहिली लाट सौम्य होती, पण सप्टेंबरपासून दुसरी आली ती जीवघेणी. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि धान्य महागले होते. मूल, गडचिरोली, सिरोंचा तेव्हा एकाच चांदा जिल्ह्यात होते. हा जिल्हा ज्या मध्य प्रांतात होता, तो देशात सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांपैकी एक होता.

सर्दी-तापाने म्हातारी माणसे आणि लेकरे जातात, असे आपण समजतो. मानमोडीने मात्र वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे नेली, आणि त्यातही पुरुषांपेक्षा बाया जास्त. आजाऱ्याजवळ बसायची ती बाई, उष्टे-खरकटे काढायची ती बाई. अंगात ताप असला तरी पाणी भरायला तीच, आणि टंचाईत सर्वात शेवटी जेवायचीही तीच. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली नाही, उलट थोडी घटली. १९११ साली हजार पुरुषांमागे ९६४ बाया होत्या, त्या १९२१ साली ९५५ झाल्या. त्याला इतरही कारणे होती, पण मानमोडीचा त्यात वाटा होता.

हा ताप शरीरात करतो काय? विषाणू इतका लहान की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू शास्त्रज्ञांना सापडला तो १९३३ साली. आपल्या श्वासनळीला आतून बारीक लव असते. ती केरसुणीसारखी धूळ आणि कफ वर लोटत राहते. विषाणू हे अस्तरच मारतो. मग वाट मोकळी झालेले दुसरे जंतू फुप्फुसात उतरतात. हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी आणि पू भरतो. तोच न्यूमोनिया. १९१८ मधले पुष्कळ मृत्यू असेच झाले, आणि तेव्हा अँटिबायोटिक औषधे नव्हती.

फुप्फुस भरले की रक्ताला प्राणवायू कमी पडतो. हृदय जास्त जोराने धावते, ओठ-नखे निळी पडतात, माणूस बरळू लागतो. गरोदर बाईला तर धोका दुप्पट, तिचाही आणि पोटातल्या बाळाचाही. कोविडमध्ये आपण हेच पाहिले. तो विषाणूही श्वासातूनच शिरला, पण कोणाचे रक्त गोठले, कोणाचे हृदय किंवा मूत्रपिंड बिघडले, कोणाला हगवण लागली. म्हणून २०२० मध्ये आशाताई बोटाला यंत्र लावत घरोघर फिरल्या. आकडा ९५ च्या खाली आला की दवाखाना.

अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. वर न्यूमोनिया झाला तर ते लागते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. दुकानातून दोन गोळ्या आणून धानकापणीला जायचे, हे बरे नव्हे. धाप लागली, छातीत दुखले, ताप उतरून पुन्हा चढला किंवा बरळणे सुरू झाले, तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचे.

आता गटाचे काम. बैठकीला जी आली नाही, तिचा हप्ता विचारायच्या आधी तिची तब्येत विचारा. ती आजारी असेल तर दोन दिवस तिचे पाणी कोण भरेल आणि भाकर कोण टाकेल, हे बैठकीतच ठरवा. १९१८ च्या बायांना तापात पडून राहायची मुभा नव्हती. आपल्या गटातल्या बाईला ती आपण देऊ शकतो.