देवघराच्या भिंतीवरील वीणा

तिगाव, पांढुर्णा, सौंसर या पट्ट्यातील जुन्या घरांत देवघराच्या भिंतीवर सरस्वतीची छापील तसबीर असे. चार हात, शेजारी मोर आणि मांडीवर वीणा. दसऱ्याला पाटीपूजन करताना आम्ही तिलाच हात जोडत आलो. मात्र तिच्या हातातले वाद्य आपल्याकडचे नव्हे, हे फार उशिरा ध्यानी आले.

हे चित्र राजा रविवर्मा यांनी १८९६ मध्ये रंगविले. त्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून तेथे देवादिकांची चित्रे छापली जात. रविवर्मा केरळचे, त्यांनी सरस्वतीला दक्षिणेची वीणा दिली. आपल्याकडील बीनकारांच्या बीनेला दोन भोपळे असतात, आणि दिंडीतल्या वीणेकऱ्याची वीणा तर केवळ सूर धरते, राग आळवीत नाही. तरीही ‘वीणा’ म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे येते ती तसबिरीतलीच. कानांनी ऐकलेल्या वाद्यावर छापील चित्राने अशी मात केली.

जपानात १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबू याच्या काळात बहुरंगी ठसाचित्रे निघू लागली. तेथे दगडाऐवजी लाकडी ठसे होते. रीत तीच, रंगागणिक ठसा वेगळा. त्या चित्रांत शामिसेन व कोतो वाजविणाऱ्या स्त्रिया दिसतात, तशीच बेन्झाइतेन ही देवीही. ही आपलीच सरस्वती. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तेथे पोहोचलेली. जपान्यांनी तिच्या हाती आपल्या ओळखीचे बिवा हे वाद्य दिले. त्यांनी देवी परकी घेतली व वाद्य आपले ठेवले. आपण देवी आपली ठेवली व वाद्य दुरून आलेले स्वीकारले.

१९५६ च्या प्रांतरचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला मुलूख मध्य प्रदेशात राहिला. इकडच्या मराठी घरांचा इतिहास तेव्हापासून दोन्हीकडच्या पुस्तकांत थोडकाच आला. तो उरला पेटाऱ्यांत, बाडांत आणि भिंतींवर. आज जुनी घरे पाडून नवी बांधली जातात, तेव्हा काच फुटलेल्या तसबिरी नदीत शिरविल्या जातात. त्यामागची श्रद्धा आम्ही जाणतो. तरी एवढेच विनवितो, की शिरविण्यापूर्वी तसबिरीच्या तळाशी छापखान्याचे नाव आहे का, ते पाहावे. मागील बाजूस वाडवडिलांनी काही लिहिले असल्यास उतरवून घ्यावे. कोणत्या बाजारातून, कोणत्या वाटेने ही वीणा आपल्या घरी आली, हे सांगणारा तो कदाचित अखेरचा कागद असेल.