कुत्र्याच्या वाट्याचा रोडगा

कुत्र्याच्या वाढदिवसाला केक करायचा म्हटलं की हे शहरातलं खूळ, आपल्या ज्वारीच्या मुलखाचा त्याच्याशी काय संबंध, असा सूर हमखास निघतो. परभणी जिल्ह्याचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. ठरावीक दिवशी, मुद्दाम भाजलेलं अन्न मानाने कुत्र्यापुढे ठेवायचं, ही इथली जुनी रीत आहे. नवी आहे ती त्या अन्नातली साखर, मलई आणि चॉकलेट. संत नामदेवांचं परंपरेने मानलेलं जन्मगाव नरसी, १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत, परभणी जिल्ह्यातच होतं. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे, त्याला ती कोरडी खावी लागू नये म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव कीर्तनांत आजही भेटतात. ही कथा घडली की नाही, हा प्रश्न वेगळा. कुत्र्याच्या तोंडच्या घासाची काळजी घेणं ही भक्तीची कसोटी मानणारा समाज होता, एवढं मात्र ती कथा जपली गेल्यावरून कळतं.

याहून ठोस पुरावा खंडोबाच्या उपासनेत सापडतो. खंडोबाच्या मूर्तीत आणि चित्रांत घोड्याबरोबर कुत्रा असतो, आणि वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, वांग्याचं भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य होतो, आणि त्यातला वाटा कुत्र्याला घालतात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथल्या जनावरांच्या बाजारात कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं. मराठवाड्यातला रोडगा म्हणजे जाडसर कणकेचा घट्ट मळलेला गोळा, गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजलेला. वरची साल करपली की राख झटकून तो फोडतात, आत वाफाळता मऊ गर निघतो. साखर नाही, फुगवण्याची पूड नाही. कुत्र्यासाठी भट्टीतून निघालेला पदार्थ शोधायचा तर तो हाच. लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट यांनी १८६०च्या सुमारास कुत्र्यांसाठी ‘केक’ विकायला काढले, तेही गहू, भाज्या आणि मांसाचे कोरडे, कडक तुकडेच होते. क्रीम फार नंतर आलं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: चंपाषष्ठीचा घास देवाच्या कुत्र्याला असतो, वाढदिवसाचा आपल्या घरच्या कुत्र्याला. फरक खराच आहे, आणि तो लपवू नये. पण दोन्हीकडे अन्न घरच्या चुलीवरचं आणि वाटा आधी काढून ठेवलेला, हे साम्य मला अधिक मोलाचं वाटतं. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पिढ्यानपिढ्या कुत्र्यांनी भरीत-रोडगा खाल्ला, त्यांना काय झालं? इथे परंपरेची बाजू घेणाऱ्यानेच सावध राहायला हवं. चातुर्मासात वर्ज्य केलेले कांदा-लसूण अनेक घरांत चंपाषष्ठीलाच पुन्हा सुरू होतात, म्हणजे भरितात ते असणारच. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदाही त्याला पुरे होतो, आणि शिजवल्याने किंवा भाजल्याने त्याचा दोष जात नाही. हिरड्या फिकट पडणं, लघवी लालसर होणं ही लक्षणं बहुधा काही दिवसांनी दिसतात. गावातलं मोकाट कुत्रं सणानंतर चार-पाच दिवसांनी मलूल झालं, तर त्याचा संबंध नैवेद्याशी कोण लावणार? काही झालं नाही असं आपण म्हणतो, कारण कुणी पाहिलं नाही. नामदेवांच्या तुपाचंही तसंच. घासभर चालेल, वाटीभर तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. परभणीत १९७२पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हे ज्ञान आता दूरचं राहिलेलं नाही.

कुत्रा मांसाहारी, त्याला धान्य कशाला, असंही विचारलं जातं. २०१३मध्ये उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की लांडग्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या ४ ते ३० असतात. माणसाच्या भाकरीवर वाढल्याची ती खूण आहे. तेव्हा ज्वारीचं पीठ चालतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं लोह आणि जस्त अधिक असलेलं ‘परभणी शक्ती’ वाण घेतलं तर उत्तमच. त्यात शिजवून कुस्करलेला लाल भोपळा आणि एक अंडं घालून, मीठ-गूळ न टाकता, लहान रोडगा भाजावा आणि पूर्ण गार झाल्यावर द्यावा. वर लावायला घट्ट, बिनसाखरेचं दही पुरतं. मनुके, बेदाणे आणि चॉकलेट अजिबात नको. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या डब्यातलं काही घालण्याआधी त्यावर झायलिटॉल लिहिलंय का ते वाचावं, कारण ते थोडंसंही कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने उतरवतं. मध्यम चणीच्या कुत्र्याला पोळीच्या चतकोराएवढा तुकडा, तोही रोजच्या जेवणातून तेवढं कमी करून.